बर्लिनहून आलेला घाशीराम

पुण्यात शिकलेल्या तरुणांनी, पुण्याच्याच गोष्टीवर, मराठीत बनवलेला सिनेमा. तो बघायला आम्हाला डिस्क मागवावी लागली थेट जर्मनीहून. असे हरवलेले सिनेमे पुन्हा लोकांच्या हातात यावेत म्हणून फॅन्सना नेमकं काय करता येतं?

"काका, तुमच्याकडे डीव्हीडी ड्राइव्ह आहे का?"

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "असाइनमेंट आहे का? पेनड्राइव्हवर आणा."

"असाइनमेंट नाही काका, पिक्चर आहे."

आम्ही सहा जण, सहा लॅपटॉप, पण एकाही लॅपटॉपला डिस्क टाकायची जागाच नाही! हातात मात्र कोरी करकरीत डीव्हीडी. काकांचा बिलिंगचा जुना डबा पीसी कोपऱ्यात होता. त्याचा ट्रे कितीतरी दिवसांत उघडला नव्हता. शेवटी सेफ्टी पिनचं टोक खुपसल्यावर तो कुरकुरत बाहेर आला. "आठनंतर या," काका म्हणाले. "शटर अर्धं ओढतो आणि लावू."

ती डीव्हीडी होती 'घाशीराम कोतवाल'ची. हो, सिनेमाची. तेंडुलकरांच्या नाटकाबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं, त्यावर सिनेमाही आहे हे मात्र आमच्यापैकी पाच जणांना माहीत नव्हतं. आणि तो मिळाला कुठे? आमच्या ग्रुपमधल्या एकीची ताई जर्मनीत एमएस करते. ती दिवाळीला घरी आली तेव्हा बॅगेत घालून घेऊन आली. कव्हरवर जर्मन मजकूर आणि आत अस्सल पुणेरी गोष्ट!

शोध सुरू झाला तो असा

आम्ही मागच्या सेमिस्टरला 'घाशीराम'चं वाचन करत होतो. तालमीला आलेले एक सीनियर सर सहज बोलून गेले, "यावर सिनेमा आहे, बरं का. ओम पुरीचा पहिला." झालं! त्या रात्रीच सगळ्यांनी मोबाइल काढले. असेल नसेल ते प्रत्येक ओटीटी पालथं घातलं. नाही. मग जुनी सीडीची दुकानं. त्यातली बहुतेक आता मोबाइल कव्हरची झालीत. एका दुकानदारानं खालच्या कप्प्यातून व्हीसीडीचा गठ्ठा काढला, 'अशी ही बनवाबनवी'पासून 'झपाटलेला'पर्यंत सगळं. "जे खपायचं तेच यायचं," तो म्हणाला. "तुम्ही मागताय ते कधी आलंच नाही."

हे वाक्य डोक्यात राहिलं. आपल्याला वाटतं की जुना म्हणजे सगळाच सिनेमा कुठे ना कुठे पडलेला असणार, शोधला की सापडेल. पण घरी बघायच्या कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि आता स्ट्रीमिंग, या प्रत्येक वळणावर कुणीतरी ठरवत होतं की कुठला सिनेमा पुढे न्यायचा. जो एका वळणावर मागे राहिला, तो पुढच्यालाही मागेच राहतो.

मग एक जण पेनड्राइव्ह घेऊन आला. कुठून तरी आलेली कॉपी, इतकी धूसर की नाना कोण आणि भिंतीतला ब्राह्मण कोण ते कळेना. "हीच दाखवू की फिल्म क्लबला," तो म्हणाला. यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. अर्धे म्हणाले, बघायला तरी मिळतोय ना! अर्धे म्हणाले, ज्यांनी बनवला त्यांच्याच सिनेमाची चोरी करून त्यांचे फॅन कसे म्हणवून घेणार? मी त्या दिवशी दुसऱ्या बाजूला होते. आज विचाराल तर उत्तर इतकं सोपं वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

आमच्याच वयाची माणसं

आधी सिनेमाबद्दल. 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिल्यांदा झालं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं. पेशवाईतले नाना फडणवीस, पुण्यात अपमान झालेला घाशीराम, आपल्या मुलीच्या बदल्यात त्यानं मिळवलेली कोतवाली आणि मग शहरावर त्यानं उगवलेला सूड. नाटकावरून केवढा वाद झाला ते आपले आजी-आजोबा सांगतील.

सिनेमा आला १९७६ मध्ये. म्हणजे ऐन आणीबाणीत. आणि तो बनवला कुणी? एफटीआयआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी. त्यांनी 'युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह' नावाची सहकारी संस्था काढली. साखर कारखाना सहकारी असतो, दूधसंघ सहकारी असतो, तसा सिनेमा सहकारी! दिग्दर्शक म्हणून एक नाव नाही, चार आहेत. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. पटकथा खुद्द तेंडुलकरांची. नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी. मणी कौल त्यांच्यात सीनियर, बाकी बरेचसे पंचविशीच्या आसपासचे. म्हणजे आपल्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठे.

हा सिनेमा इथे बघायला मिळेनासा झाला. त्याची एक प्रिंट मात्र बर्लिनमध्ये 'आर्सेनल' या संस्थेच्या संग्रहात राहिली. २०११ ते २०१३ या काळात आर्सेनलनं 'लिव्हिंग आर्काइव्ह' नावाचा प्रकल्प केला. कपाटातले डबे नुसते सांभाळायचे नाहीत, उघडायचे, बघायचे, दाखवायचे, अशी त्यामागची कल्पना. त्यातून 'घाशीराम'ची डिजिटल कॉपी तयार झाली आणि पुढे डीव्हीडी निघाली. तीच ही, काकांच्या पीसीमध्ये घरघरणारी.

त्या रात्री दुकानात सात जण होतो, सातवे काका. ते उभ्यानंच बघत होते. मोहन आगाशे पडद्यावर आले तसे म्हणाले, "अरे, हे तर आपले डॉक्टर! मी नाटक बघितलंय यांचं." मग कुणाला काही न विचारता त्यांनी स्टूल ओढलं आणि शेवटपर्यंत बसले. शटर लावताना एवढंच म्हणाले, "आपलंच होतं की हे. तिकडे कसं गेलं?"

अडतं कुठे?

काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना कळलं की 'कंपनी डीव्हीडी काढत नाही' इतकं ते साधं नसतं. सिनेमा घरापर्यंत यायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, प्रिंट किंवा निगेटिव्ह. फिल्म ही नाशवंत वस्तू आहे. ओलाव्यानं तिला बुरशी लागते, ती आक्रसते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागतो. जुनी नायट्रेट फिल्म तर पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म आर्काइव्हच्या नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी जुन्या सिनेमांची रिळं गेली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. आज त्यातली पहिली आणि शेवटची एवढीच उरली आहेत.

दुसरी गोष्ट, हक्क. इथे आमचीच फजिती झाली. आम्ही उत्साहाच्या भरात एका संस्थेला पत्र लिहिलं, 'हा सिनेमा त्वरित प्रदर्शित करावा'. तिथल्या एका मॅडमनी फोन करून शांतपणे समजावलं, "बाळांनो, डबा सांभाळणारा वेगळा आणि मालक वेगळा. आमच्याकडे एखादा सिनेमा असला तरी मालकाच्या परवानगीशिवाय आम्ही तो विकू शकत नाही." बँकेच्या लॉकरसारखं आहे हे. लॉकर बँकेचा, दागिने तुमचे.

आणि मालक कोण? निर्माता गेला, कंपनी बंद पडली, वारसांना आपल्याकडे हक्क आहेत हेच ठाऊक नाही, असं कितीतरी सिनेमांचं होतं. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९७६ साली आलेल्या सिनेमाचा हक्क २०३६ च्या अखेरीस संपेल. मी तेव्हा तिशी ओलांडलेली असेन. शिवाय मूळ नाटकाचा हक्क वेगळा, तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं. तेंडुलकर २००८ मध्ये गेले. आता करा हिशोब! बरं, हक्क संपला म्हणजे सिनेमा मिळालाच असंही नाही. प्रिंट ज्याच्या गोदामात, चावीही त्याच्याकडेच.

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. चार्ल्स बर्नेट नावाच्या विद्यार्थ्यानं १९७७ मध्ये 'किलर ऑफ शीप' हा सिनेमा युनिव्हर्सिटीच्या डिग्रीसाठी सादर केला. त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, कारण विद्यार्थ्याकडे पैसे कुठून येणार? सिनेमाचं कौतुक झालं, पण रीतसर थिएटरात तो लागला २००७ मध्ये. मधली तीस वर्षं गाण्यांच्या परवानग्यांनी खाल्ली. आपल्यापैकी जे शॉर्टफिल्मला आवडतं गाणं बिनधास्त चिकटवतात, त्यांनी हे जरा लक्षात ठेवा!

तिसरी गोष्ट, अर्थात पैसा. रिळं साफ करायची, एकेक फ्रेम स्कॅन करायची, ओरखडे काढायचे, आवाज दुरुस्त करायचा. एवढं करून बघणार किती जण? हक्कदाराच्या मनातला हा प्रश्न खरा असतो. आणि फॅन्सना काही करता येण्यासारखं असेल तर ते इथे.

कॅसेटनं जगवलेला सिनेमा

'घाशीराम'च्या चौघांतल्या कमल स्वरूप यांनी पुढे १९८८ मध्ये 'ओम दर-ब-दर' केला. अजमेर-पुष्करची पार्श्वभूमी, ओम नावाचा मुलगा, ज्योतिषी बाबूजी, बेडूक... गोष्ट काय आहे ते विचारू नका, मला दोनदा बघूनही सांगता येणार नाही. निर्मिती एनएफडीसीची, म्हणजे सरकारी पैशाची. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला, आणि भारतात थिएटरात लागलाच नाही.

तरीही तो मेला नाही. फिल्म शिकणाऱ्या मुलांनी व्हीएचएसवरून व्हीएचएसवर कॉपी केल्या. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. मग तेच सीडीवर, मग टॉरंटवर. बघितलेला प्रत्येक जण आणखी दोघांना धरून बसवायचा. अनुराग कश्यपसारख्या दिग्दर्शकांनी या सिनेमाचं ऋण जाहीरपणे मान्य केलं. शेवटी एनएफडीसीनंच त्याची डिजिटल दुरुस्ती केली आणि १७ जानेवारी २०१४ रोजी 'ओम दर-ब-दर' भारतात थिएटरात लागला. बनल्यानंतर तब्बल पंचवीसहून अधिक वर्षांनी!

आता माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. त्या कॉपी बेकायदा होत्या, यात वाद नाही. पण त्या नसत्या तर २०१४ मध्ये तो सिनेमा मागायला कोण उरलं असतं? पेनड्राइव्हवाल्या मित्राचं म्हणणं हेच होतं. मला अजूनही वाटतं की चोरीच्या कॉपीवर समाधान मानून थांबलो, तर सिनेमा कायम धूसरच राहणार आणि बनवणाऱ्याला दमडीही मिळणार नाही. पण त्याच कॉपीनं भूक लागली आणि आपण चांगल्या प्रतीसाठी रीतसर मागे लागलो, तर गोष्ट वेगळी. आमचं भांडण इथे येऊन मिटलं. क्लबमध्ये ती कॉपी दाखवली नाही, आणि मित्रालाही चोर म्हटलं नाही.

मागे लागण्याचं शास्त्र

फॅन्सनी हट्ट धरला तर काय होतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'स्टार वॉर्स'. १९७७ चा मूळ सिनेमा जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये बदलला, नवे सीन घातले, आणि पुढे बदललेलीच आवृत्ती विकली गेली. मूळ सिनेमा २००६ मध्ये डीव्हीडीवर आला तोही जुन्या लेझरडिस्कसाठीच्या मास्टरवरून, आजच्या टीव्हीवर बघवणार नाही असा. फॅन्स गप्प बसले नाहीत. काहींनी जुन्या ३५ एमएम प्रिंट मिळवून स्वतः स्कॅन केल्या, एकेक फ्रेम साफ केली. आता मूळ १९७७ चा सिनेमा २०२७ मध्ये पुन्हा थिएटरात आणायचं लुकासफिल्मनं जाहीर केलंय. पन्नास वर्षं पूर्ण होताना.

तुम्ही म्हणाल, ते हॉलिवूड, त्यांचं काय! मग राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' घ्या. २०१८ मध्ये थिएटरातून लवकर उतरला, फॅन्सनी सहा वर्षं त्याची चर्चा चालू ठेवली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावला. मोबाइलवर आधीच पाहिलेले लोक तिकीट काढून गेले. फरक इतकाच की 'तुंबाड'ची फाइल तयार होती. सत्तरीतल्या सिनेमाचा आधी डबा शोधावा लागतो.

मग आपण काय करायचं? आमच्या चुकांतून आम्ही जे शिकलो ते असं.

आधी मालक शोधा. सिनेमाची टायटल्स नीट वाचा, निर्मात्याचं नाव लिहून घ्या, जुनी वर्तमानपत्रं चाळा. 'कुणीतरी काहीतरी करा' असं पत्र कुणालाच नसतं. नाव घालून लिहिलेल्या पत्राला निदान एक पत्ता असतो.

एक सिनेमा, एक मागणी. 'सगळे जुने मराठी सिनेमे आणा' म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. 'हा सिनेमा, सबटायटल्ससह, पैसे भरून बघता येईल असा हवा' म्हटलं तर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

माणसं मोजून दाखवा. इन्स्टावरच्या हजार लाइक्सपेक्षा 'मी तिकिटाचे पैसे देईन' असं लिहून सही केलेली पन्नास नावं जड असतात. आपलं कॉलेज, फिल्म क्लब, नाट्यमंडळ, शहरातली फिल्म सोसायटी, सगळ्यांना एका कागदावर आणा.

आणि जिथे सिनेमा सांभाळला जातो तिथे जा. फिल्म आर्काइव्ह पुण्यात लॉ कॉलेज रोडवर आहे, १९६४ पासून. केंद्र सरकारच्या नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनसाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्यातून जुन्या सिनेमांचं डिजिटायझेशन होतंय. यादीत कुठला सिनेमा आधी यावा याबद्दल आपण विद्यार्थ्यांनी बोलायचं नाही तर कुणी? हैदराबाद, कोलकात्याचे फॅन आपला मराठी सिनेमा मागायला येणार नाहीत.

सहीचा कागद

आम्ही नवीन पत्र लिहिलं. या वेळी नावांनिशी, एका सिनेमाबद्दल, अर्ध्या पानात. 'आम्ही मराठी विद्यार्थी आहोत. हा सिनेमा आमच्या वयाच्या मुलांनी आमच्या भाषेत बनवला. तो आम्हाला भारतात रीतसर विकत घेऊन बघायचा आहे.' खाली सह्या. पहिली सही कॅन्टीनच्या टेबलावर झाली, पेनड्राइव्हवाल्या मित्राची.

उत्तर अजून आलेलं नाही. पण येईल किंवा नाही यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. आमचा ग्रुप या वर्षी पास होऊन बाहेर पडेल. कुणी मुंबईला, कुणी बेंगळुरूला, कुणी बाहेर. मग मागे कोण लागणार? म्हणून फाइल केली आहे. त्यात पत्रं, फोनवर कळलेली माहिती, कुणाला विचारलं, कोण काय म्हणालं, सगळं तारखांसकट आहे. फाइल आता एफवायच्या एका मुलीकडे दिली. तिनं विचारलं, "पण मॅम, मी पास होईपर्यंतही नाही झालं तर?"

"तर तू पुढच्या एफवायला दे," मी म्हटलं. (मॅम म्हटल्यावर जरा वय झाल्यासारखं वाटलं, ते सोडा.)

पत्राच्या प्रती काढायला आम्ही अर्थातच काकांकडे गेलो. चाळीस कॉपी. त्यांनी पैसे घेतले नाहीत. वरचा एक कागद उचलला, पूर्ण वाचला आणि खिशातलं पेन काढलं.

"मी काही विद्यार्थी नाही," ते म्हणाले. "पण मी केली सही तर चालेल ना?"